इंग्रजी शब्दांची भावकी

पालक आमच्याकडे येतात आणि एकच गाऱ्हाणें सांगतात: "गुरुजी, पोरगं रोज दहा शब्द पाठ करतं, अन् आठ दिवसांनी दहाच्या दहा विसरतं." गाऱ्हाणें खोटें नाहीं. सन २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्यापूर्वीं ती पांचवींत सुरू होत असे. चार वर्षें आधीं आरंभ झाला, पण शिकविण्याची तऱ्हा बहुतेक ठिकाणीं जुनीच राहिली. वहीच्या डाव्या अंगास इंग्रजी शब्द, उजव्या अंगास मराठी अर्थ, मध्यें एक उभी रेघ. मुलानें घोकावें, परीक्षेंत ओकावें आणि मोकळें व्हावें.

यांत पोराच्या डोक्याचा दोष नाहीं. सुटे दाणे मुठींत किती राहणार? कणीस असेल तर शंभर दाणे एका हातानें उचलतां येतात.

शेतकऱ्याच्या पोरास 'भाऊ' शब्द आला कीं भाऊबंद, भावकी, भाऊबंदकी हे शब्द त्याच्याकडून कोणी पाठ करून घेत नाहीं. 'गांव' आला कीं गांवकरी, गांवकी, गांवठी, गांवठाण मागोमाग येतात. सुताराची ती सुतारकी आणि सोनाराची ती सोनारकी, हें सांगावें लागत नाहीं. पुढें तुकडा जोडला कीं अर्थ उलटतो, हेंही त्यास ठाऊक असतें: नापीक, बेकायदा, गैरहजर, बिनव्याजी. मागें 'दार' जोडला कीं दुकानदार होतो, कर्जदारही होतो. आतां गंमत पाहा. ना, बे आणि दार हे तुकडे फारशींतले, गैर अरबींतला. आमच्या आज्यापणज्यांनीं त्या भाषा पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या. तरी परक्या 'ना'स आपलें घरचें 'पीक' जोडून त्यांनीं असा शब्द केला कीं आज तो परका म्हणून कोणी ओळखणार नाहीं. मग इंग्रजीचे तुकडे हातीं धरण्यास त्यांच्याच नातवंडांनीं कां कचरावें?

इंग्रजीचे पुष्कळ मोठे शब्द जुन्या लॅटिन व ग्रीक तुकड्यांचे जोडलेले आहेत. दारांतला ट्रॅक्टरच घ्या. 'ट्रॅक्ट' म्हणजे ओढणें, आणि ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. 'सब' म्हणजे खालीं. सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून काढणें, आपली वजाबाकी. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढलेला अर्क. काँट्रॅक्ट म्हणजे दोघांस एकत्र ओढून बांधणारा करार; त्यावर सही करण्यापूर्वीं कोण कोणाकडे ओढला जात आहे तें पाहावें, ही गोष्ट निराळी.

डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ मध्यें उघडली. त्या दिवसांत लासलगांवच्या बाजारांत 'एक्स्पोर्ट' शब्द ठाऊक नसलेला माणूस सांपडता ना. पण त्याची भावकी किती जणांनीं पाहिली? 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणें. बाहेर नेणें तें एक्स्पोर्ट, आंत आणणें तें इम्पोर्ट, पलीकडे नेणें तें ट्रान्स्पोर्ट. पाहिलेलें मागें आणून सांगणें तो रिपोर्ट. खालून उचलून धरणें तो सपोर्ट. एका शब्दाच्या मोलांत पांच आले.

मुलें विचारतात, 'इन'चा 'इम' कां झाला? त्यांस आम्ही 'चंदा' आणि 'चंपा' म्हणावयास सांगतों. टिंब एकच, पण द पुढें आला कीं तेथें न् ऐकूं येतो आणि प पुढें आला कीं ओठ मिटून म् होतो. इंग्रजाचेही ओठ आपल्यासारखेच आहेत. 'नाहीं' असा अर्थ देणारा दुसरा एक 'इन' आहे, त्याचेंही असेंच होतें: पॉसिबलचें इम्पॉसिबल, लीगलचें इल्लीगल, रेग्युलरचें इर्रेग्युलर.

परंतु हा जादूचा मंत्र नव्हे. मनमाडजवळ पानेवाडीस तेलाचे डेपो आहेत, आणि त्या वाटेवरच्या टँकरांवर 'हायली इन्फ्लेमेबल' असें लिहिलेलें दिसतें. वर्गांतल्या एका मुलानें हिशेब मांडला: फ्लेम म्हणजे ज्वाळा, इन म्हणजे नाहीं, म्हणजे हें पेटत नाहीं! येथला 'इन' नकाराचा नव्हे. झटकन पेट घेणारें, असा त्याचा अर्थ. भावकी लावून जो अर्थ निघेल तो एकदां डिक्शनरींत पडताळून घ्यावा. आडनांव एक असलें म्हणून प्रत्येक जण आपला भाऊबंद असतोच असें नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरीं बागेच्या दोन बाटल्या शेजारीं शेजारीं ठेवल्या होत्या. घरधनी परगांवीं गेलेला. धाकट्या भावानें बुरशीचें औषध समजून तणनाशक पंपांत ओतलें आणि द्राक्षांवर फवारलें. थोड्याच दिवसांत पानें वाकडीं झालीं, आणि त्या वर्षाचें पीक गेलें. बाटलीवर रंगीत त्रिकोण होता. पण तो विष किती जहाल तें सांगतो, कोणास मारणारें तें सांगत नाहीं. तें लिहिलेलें होतें बारीक अक्षरांत. त्या घरांतलें पोर सातवींत, आणि 'हिप्पोपोटॅमस' त्यास स्पेलिंगासकट पाठ! पाणघोडा नाशिक जिल्ह्यांत कोणाच्या बागेंत शिरणार होता?

त्या पोरास एकच तुकडा शिकविला असता तर पुरे होतें. 'साइड' म्हणजे मारणारें, आपलें 'नाशक'. फंगस म्हणजे बुरशी, फंगिसाइड बुरशीनाशक. इन्सेक्ट म्हणजे कीटक, इन्सेक्टिसाइड कीटकनाशक. हर्ब म्हणजे लहान झाडपाला, हर्बिसाइड तणनाशक. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द एकाच मापाचे आहेत.

हा धडा आम्ही शिकवीत होतों तेव्हां मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, सुसाइडमध्यें पण तेंच कां?" होय, तेंच, पुढचा 'सुइ' म्हणजे स्वतःचा. त्यानंतर वर्गांत कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हींही फळा पुसला.

शब्द फोडून पाहण्याची विद्या आमच्या घरांत पोथीवाटे आली नाहीं. पण सुताराचें पोर खुर्ची पाहिली कीं आधीं सांधा शोधतें, आणि ही नजर कोणा पंडिताची उसनी घ्यावी लागत नाहीं. आमच्या शिक्षकबंधूंस विनंति कीं तपासणीच्या वेळीं किती शब्द झाले हें मोजून दाखविण्यापेक्षां एका पानावर एक मूळ आणि त्याच्या फांद्या, अशी वही मुलांकडून करून घ्यावी. ज्या आईबापांस इंग्रजी येत नाहीं त्यांनींही संध्याकाळीं एवढेंच विचारावें: "आजच्या शब्दाची भावकी सांग."

औषधांचीं नांवें शिकवितांना मात्र बाटली, मग ती रिकामी कां असेना, पोराच्या हातीं देऊं नये. नांव कागदावर उतरून द्यावें.