‘जरा एफटीपी चालू करून दे ना’

शुक्रवारची संध्याकाळ, सव्वासहा. पुण्यातली बारा-चौदा जणांची कंपनी, माझ्या पहिल्या नोकरीचा पाचवा महिना. सर लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघता निघता माझ्या टेबलापाशी थांबले. ‘‘अगं, त्या क्लायंटला सर्व्हरवर जरा एफटीपी चालू करून दे. त्यांना फाइल्स टाकता येत नाहीयेत. पाच मिनिटांचं काम आहे.’’

मला चाळीस मिनिटं लागली, कारण मी ते आधी कधी केलं नव्हतं. सर्व्हरवर एक एफटीपी प्रोग्रॅम टाकला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांतच ‘अतिशय सुरक्षित’ असं लिहिलेलं आहे, त्यामुळे बरं वाटलं. क्लायंटचा युजर त्याच्याच फोल्डरात अडकून राहावा, सगळ्या सर्व्हरवर फिरू नये, अशी सेटिंग केली. तर प्रोग्रॅम लॉगिनच करू देईना. ‘५०० ऊप्स’ असा एरर देऊन तो सांगत होता, की ज्या फोल्डरात युजरला अडकवलंय, तिथेच त्याला लिहायची परवानगी आहे आणि हे धोक्याचं आहे. मी एरर गूगल केला. पहिल्याच उत्तरात ही तक्रार बंद करणारी एक ओळ होती. ती टाकली. प्रोग्रॅम गप्प झाला.

मग क्लायंटने टाकलेल्या फाइल्स वेबसाइटला वाचता येईनात. ‘परमिशन डिनाइड.’ पुन्हा गूगल, पुन्हा पहिलं उत्तर: सीएचमोड ७७७. तेही केलं, आणि नव्या येणाऱ्या फाइल्सनाही तशाच सैल परवानग्या मिळतील अशी सोय केली. पासवर्ड ठेवला संस्थेचं नाव, ॲट, एक दोन तीन. नऊ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युजरनेम आणि पासवर्ड टाकला. तिकडून अंगठा आला. मी घरी गेले.

त्या फोल्डरात काय होतं, ते आता सांगते. क्लायंट म्हणजे विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणारी एक संस्था. त्यांचे ऑपरेटर कागद स्कॅन करून आमच्या सर्व्हरवर टाकायचे. आधार कार्डं, जातीचे दाखले, बँक पासबुकाचं पहिलं पान. तहसीलदाराच्या सहीचे उत्पन्नाचे दाखले, जे मिळवायला कोणाच्या तरी वडिलांनी मजुरी बुडवून सेतू केंद्रात दोन-तीन खेपा घातलेल्या असतात. हे सगळं मी एका शुक्रवारी सीएचमोड ७७७ करून ठेवलं.

आपल्या धंद्यात ‘ॲक्सेस देणं’ हे किरकोळ काम समजतात, आणि माझं भांडण त्या समजुतीशी आहे. नवीन फीचर बनवायचं तर मीटिंग होते, तिकीट बनतं, रिव्ह्यू होतो. बटणाचा रंग बदलायचा तर तीन जणांची मान्यता लागते. पण हजारो लोकांच्या कागदपत्रांचं दार उघडायचं असेल, तर ते निघता निघता सांगितलं जातं, आणि ऑफिसातल्या सगळ्यांत नव्या पोरीला सांगितलं जातं. दार कोणासाठी उघडायचं, कुठपर्यंत आणि कधी बंद करायचं, हे विचारायची पद्धतच नाही. ‘चालू करून दे’ या वाक्याला ‘बंद कधी करू’ ही दुसरी बाजू नसते.

एफटीपीला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो अन्याय होईल. हा प्रोटोकॉल पहिल्यांदा लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, पुढे एमआयटीत गेले. १६ एप्रिल १९७१ या तारखेचा तो दस्तऐवज आजही कोणालाही वाचता येतो. तेव्हा अर्पानेटवर मोजके संगणक होते, तेही विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत. प्रश्न होता तो वेगवेगळ्या जातीच्या यंत्रांना एकमेकांच्या फाइल्स कशा समजतील हा, आणि तो त्यांनी उत्तम सोडवला. वाटेत कोणी चोर बसला असेल, हे तेव्हा गृहीत धरायचं कारणच नव्हतं.

त्यामुळे साध्या एफटीपीत तुमचं युजरनेम आणि पासवर्ड जसेच्या तसे तारेवरून जातात. नंतर एकदा मी माझ्याच लॅपटॉपवर वायरशार्क लावून पाहिलं. तो पासवर्ड अक्षरन् अक्षर समोर दिसला. कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही. माझ्या आणि सर्व्हरच्या मधल्या कुठल्याही यंत्रावर बसलेल्या माणसाला तो असाच दिसला असता. पासवर्ड अवघड ठेवला असता तरी काही फरक पडला नसता. पोस्टकार्डावर कितीही गुंतागुंतीचं लिहिलं, तरी पोस्टमनला ते वाचता येतंच.

या दुखण्यावर उपाय निघाला १९९५ साली. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड चोरून वाचले, तेव्हा तातू युलोनेन या तिथल्याच संशोधकाने एसएसएच लिहिलं. म्हणजे पासवर्ड उघडा पाठवू नये हा प्रश्न मी जन्मायच्या आधीच सुटला होता. आणि नोकरीच्या पाचव्या महिन्यात मी तो पुन्हा उघडून ठेवला. जगातल्या बहुतेक सगळ्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएच असतंच. त्यावरच एसएफटीपी चालतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. लिनक्सच्या कर्नलचं घर असलेल्या कर्नल डॉट ऑर्गने आणि डेबियनने २०१७ सालीच आपल्या सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केल्या. फायरफॉक्स आणि क्रोमने २०२१ साली एफटीपी काढून टाकलं. ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही हे वाचताय, त्यालाही ते आता येत नाही. आपल्या कंपन्यांच्या सर्व्हरवर मात्र ते सुखाने नांदतंय.

यावर जी उत्तरं मिळतात, ती मला पाठ झाली आहेत.

पहिलं: ‘‘आपल्यासारख्या छोट्या कंपनीला कोण हॅक करणार?’’ यात समजूत अशी, की चोर आधी घर निवडतो आणि मग कडी वाजवतो. इंटरनेटवर असं होत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचा प्रोग्रॅम बनवला. एका साध्या संगणकावरून, चांगली लाइन असेल तर, तो जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का, हे पाऊण तासाच्या आत तपासू शकतो. सगळ्या म्हणजे सगळ्या. तेव्हा तुम्हाला कोणी निवडावं लागत नाही. सगळ्यांचीच कडी वाजवली जाते, आणि जिथे दार ढकललं जातं तिथे आत शिरतात.

दुसरं: ‘‘क्लायंटला ते की-बी काही कळत नाही.’’ हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लावणारा, बांधावर उभा राहून यूपीआयचा पिन टाकणारा, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे घरच्यांना बजावणारा माणूस अडाणी नाही. क्लायंट जी फाइलझिला वापरतो, तिच्यातच एसएफटीपीचा पर्याय असतो. एका यादीतून तो निवडायचा असतो, बस्स. क्लायंटला कळत नाही असं म्हणताना आपण बहुतेक वेळा एवढंच म्हणत असतो, की समजावून सांगायला मला वेळ नाही.

तिसरं उत्तर खरं आहे: ‘‘डेडलाइन आहे.’’ असते. एफटीपी पाच मिनिटांत होतं, एसएफटीपीचा नीट बंदोबस्त करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वेगळा युजर बनवायचा, त्याला फक्त फाइल्स हलवता याव्यात, कमांड चालवता येऊ नयेत अशी सेटिंग करायची, आणि त्याला एका फोल्डरात बंद करायचं. इथे ओपनएसएसएच फार कडक आहे. ज्या फोल्डरात बंद करायचं, तो रूटच्याच मालकीचा हवा आणि त्यावर दुसऱ्या कोणाला लिहिता येता कामा नये. नसेल तर ते कनेक्शनच तोडतं. ही तक्रार बंद करणारी ओळ इथे नाही. आत एक वेगळा फोल्डर करून तेवढाच त्या युजरला द्यावा लागतो. फरक आहे तो वीस मिनिटांचा. एवढी वीस मिनिटं आपण रोज चहावर घालवतो.

पण नुसतं एसएफटीपी लावलं की झालं, असं म्हणणारेही मला पटत नाहीत. कारण माझ्या त्या शुक्रवारच्या चुका फक्त प्रोटोकॉलच्या नव्हत्या. ७७७ म्हणजे काय ते बघा. चार म्हणजे वाचणं, दोन म्हणजे लिहिणं, एक म्हणजे चालवणं किंवा आत शिरणं. बेरीज सात. पहिला सात मालकाला, दुसरा त्याच्या गटाला आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांना. म्हणजे त्या सर्व्हरवर दुसरं काहीही चालू असेल, आणि त्यात एक भोक निघालं, तर त्या भोकातूनही दाखले वाचता येतील, बदलता येतील, पुसता येतील. खरी गरज एवढीच होती, की वेबसाइट आणि क्लायंट यांनी एका गटात असावं. मी त्याऐवजी अख्ख्या गावाला किल्ली दिली.

आणि महागडं सॉफ्टवेअरही यातून सुटका करत नाही. मूव्हइट हे सुरक्षित फाइल ट्रान्सफरसाठीच विकलं जाणारं उत्पादन. मे २०२३मध्ये त्यातली एक त्रुटी वापरून क्लॉप नावाच्या टोळीने जगभरच्या दोन हजारांहून अधिक संस्थांचा डेटा उचलला. त्यातून मी एक गोष्ट शिकले. फाइल पोचवायची जागा ही एसटी स्टँडसारखी असते. तिथे सामान उतरवायचं आणि पुढे न्यायचं, वर्षानुवर्षं ठेवायचं नाही. आमच्या फोल्डरात मात्र जुन्या वर्षांचे अर्जही तसेच पडून होते, कारण पुसा असं कोणी म्हणालं नव्हतं.

अडीच वर्षांनी सर्व्हर बदलायचा ठरला, तेव्हा यादी करताना मला ते एफटीपी चालू दिसलं. तोच युजर, तोच पासवर्ड. व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या नऊ जणांपैकी चौघांनी संस्था सोडली होती. मी लॉग उघडला. फक्त चार आठवड्यांचा होता, जुना आपोआप पुसला जात होता. त्यात अनोळखी पत्त्यांवरून फसलेल्या लॉगिनची रांग होती. आणि काही लॉगिन यशस्वी झाली होती, ती कोणाची हे कोणालाच सांगता आलं नाही. घरून काम करणारा एखादा ऑपरेटर असेल. नसेलही. सगळ्यांना मिळून एकच युजर दिलेला, मग कळणार कसं? त्याआधीच्या अडीच वर्षांत काय झालं, हे तर कधीच कळणार नाही.

मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘‘बंद करून टाक. आणि मेलबिल करू नकोस.’’ मी बंद केलं. मेल केला नाही. ज्यांचे दाखले होते, त्यांना कोणी काही सांगितलं नाही. मीही नाही. ऑगस्ट २०२३मध्ये संसदेने वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला, सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड त्यात आहे. कायदा हवाच. पण शुक्रवारी सव्वासहाला तो तुमच्या टेबलापाशी येत नाही. तिथे सर येतात, आणि उत्तर तुम्हाला द्यायचं असतं.

पाचव्या महिन्यातल्या मुलीने ‘नाही’ म्हणावं, असा सल्ला मी देणार नाही. मला स्वतःला तो जमला नसता. पण तीन प्रश्न विचारता येतात, तेही मेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं. कोणासाठी? प्रत्येक माणसाचं नाव, आणि प्रत्येकाला वेगळा युजर. कुठल्या फोल्डरपुरतं? आणि कुठल्या तारखेपर्यंत? या तिन्हींची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत, त्याला ॲक्सेस नको आहे, त्याला फक्त कटकट नको आहे.

सध्याच्या नोकरीत मी हे तीन प्रश्न विचारते. पहिल्यांदा विचारले तेव्हा मॅनेजर वैतागला. ‘‘अगं, किती प्रोसेस?’’ मग त्याने क्लायंटला फोन लावला, आणि कळलं की त्यांना फक्त एक फाइल पाठवायची होती, एकदाच.

उद्या ऑफिसात गेलात की तुमच्या सर्व्हरवर एकवीस नंबरचं पोर्ट उघडं आहे का, ते बघा. असेल तर कोणी उघडलं, कोणासाठी उघडलं, विचारा. कदाचित तुम्हीच उघडलेलं असेल. तसं निघालं तर बंद करा, आणि मी केला नाही तो मेल करा.