बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

आज ईस्टर. राखेच्या बुधवारी सुरू झालेला उपवासकाळ संपला, उत्तम शुक्रवारचा शोक सरला आणि ठिकठिकाणच्या ख्रिस्तमंदिरांतून प्रभू येशूच्या पुनरुत्थानाची स्तोत्रे दुमदुमू लागली. या सणाच्या आदल्या रात्री रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेच्या मंदिरांत जी उपासना होते, तिच्यातील एका विधीकडे आज वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. अंधारात मेणबत्त्या पेटवून उभ्या असलेल्या मंडळीला धर्मगुरू काही प्रश्न विचारतात. पापाचा त्याग आणि देवावरील श्रद्धा यांविषयीचे हे प्रश्न बाप्तिस्म्याच्या वेळचेच असतात. त्यांना पूर्वी कधीतरी, बहुधा तान्हेपणी आईबापांच्या आणि धर्मपालकांच्या मुखाने, उत्तर देऊन झालेले असते. तरीही सत्तर वर्षांची आजीसुद्धा ते नव्याने देते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच घ्यावयाचा, पण त्याचे वचन मात्र दरवर्षी उच्चारावयाचे, अशी ही योजना आहे. पावित्र्य ही एका दिवसात पदरात पडून कपाटात जपून ठेवण्याची वस्तू आहे असे ख्रिस्तसभेला वाटले असते, तर या विधीचे प्रयोजनच उरले नसते.

‘पवित्र’ या शब्दाने आपला थोडा घोटाळा होतो. पवित्र म्हणजे निष्कलंक, सोवळा, ज्याच्यावर बोट ठेवता येणार नाही असा, हा अर्थ आपल्या मनात रुजलेला आहे. बायबलमधील मूळ हिब्रू शब्दात ‘देवासाठी वेगळे काढलेले’ हा भाव प्रधान आहे. म्हणूनच पौल करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना तेथील सर्व विश्वासणाऱ्यांना पवित्र जन म्हणून संबोधतो आणि त्याच पत्रात त्यांची कानउघाडणी करतो. मंडळीत तट पडले होते, भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जात होता, प्रभुभोजनाच्या पंगतीत श्रीमंत पोटभर जेवून झिंगत होते आणि गरीब उपाशी राहत होते. अशा माणसांना पवित्र म्हणावयाचे आणि लगेच त्यांचे दोष पदरात घालावयाचे, यात पौलाला विसंगती वाटली नाही. त्यांना वेगळे काढण्यात आले होते. त्या निवडीला शोभेल असे जगणे अजून व्हावयाचे होते. स्वतः पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहिताना आपणही अद्याप पूर्णत्वाला पोहोचलो नसून धावपटूसारखे पुढे झेपावत आहोत, अशी कबुली दिली आहे. पौलाने जे आपल्याविषयी म्हणावयाचे टाळले, ते आपण आपल्याविषयी किती सहज गृहीत धरतो!

या बाबतीत महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र बहुतेक वाचकांना स्त्रीशिक्षणाच्या आणि विधवोद्धाराच्या संदर्भात ठाऊक असते. त्यांच्या आध्यात्मिक प्रवासाची चर्चा झाली, तर ती ‘त्यांनी धर्मांतर का केले’ या प्रश्नाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. रमाबाईंच्या स्वतःच्या दृष्टीने खरी कथा त्यानंतरची होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील मठवासिनींनी त्यांना माया दिली, पण रमाबाई मान डोलावणाऱ्या शिष्या नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतापासून धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारापर्यंत अनेक बाबतींत त्यांनी पत्रांमधून सडेतोड वाद घातला. पुढे अमेरिकेचा प्रवास झाला, पुस्तक प्रसिद्ध झाले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. बालविधवांना हक्काचे छप्पर मिळाले. जगाच्या दृष्टीने या बाईंच्या ख्रिस्ती जीवनात काय उणे होते?

उणे त्यांना स्वतःला जाणवत होते. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते निःसंकोचपणे नमूद केले आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की आपणास ख्रिस्ती धर्म गवसला आहे, परंतु ख्रिस्त अजून गवसलेला नाही. या जाणिवेला एक पुस्तक निमित्त झाले. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे ते आत्मकथन होते. हे गृहस्थ दीक्षित पाळक होते आणि कॉर्नवॉलमधील आपल्या मंदिरात प्रवचन करता करता त्यांचेच हृदयपरिवर्तन झाले होते. पाळकाचे परिवर्तन स्वतःच्याच प्रवचनाने व्हावे, यात विनोद आहे खरा. पण व्यासपीठावर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने तो मनावर घेण्याजोगा आहे.

येथे रमाबाईंची जी थोरवी दिसते, ती त्यांच्या विद्वत्तेहून किंवा धैर्याहूनही आम्हास अधिक मोलाची वाटते. सत्कार्यात आकंठ बुडालेल्या माणसाला आपल्या अंतरीची रिती जागा पाहण्यास सवड नसते आणि इच्छा तर त्याहून नसते. चांगले काम हाच सर्वांत भक्कम पडदा होऊ शकतो. रमाबाईंनी तो बाजूला सारला. मग त्यांनी ज्या वाटेने समाधान मिळविले ती तर्काची वाट नव्हती. आपल्या पुण्याईने देवाची कृपा मिळवावयाची नसून ती केवळ रित्या हातांनी स्वीकारावयाची आहे, हे त्यांनी मानले.

कृपा मिळाली, मग मानवी प्रयत्नाला जागा कोठे उरली, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. प्रॉटेस्टंट व कॅथलिक पंडितांनी त्यावर शतकानुशतके ग्रंथ रचले आहेत. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. रमाबाईंचे पुढचे आयुष्य मात्र पाहण्यासारखे आहे. शांती लाभल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांच्या वागणुकीतला बदल झाकलेला राहिला नाही आणि त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस येऊन बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, याविषयी मतभेद राहतील. एवढे खरे की रमाबाई डगमगल्या नाहीत. तीन वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. आईवडील आणि बहीण यांना दुष्काळातच गमावलेल्या या बाईंनी शेकडो भुकेल्या मुली व स्त्रिया गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले.

ख्रिस्ती पावित्र्याची कसोटी अशा ठिकाणी लागते. उपासनेत गहिवर येणे निराळे आणि खरजेने भरलेल्या अनोळखी पोरीला न्हाऊ घालणे निराळे. पहिल्याची किंमत आम्ही कमी लेखत नाही. १९०५ मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची जी लाट उसळली तिची वार्ता साऱ्या जगात गेली होती. पण लाट ओसरल्यावरही सकाळी शेकडो जणींचा स्वयंपाक रांधावा लागतच होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पावित्र्याचे आवाहन धर्मगुरू व मठवासीयांपुरते नसून प्रत्येक श्रद्धावंताला आहे, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. त्याला साठ वर्षे उलटून गेली. तरीही आपल्या मंडळ्यांमधून साधना ही पाळकाची जबाबदारी आणि हजेरी ही आपली, अशी वाटणी दिसते. मंडळीच्या निवडणुका चुरशीने लढविल्या जातात, मालमत्तेचे दावे वर्षानुवर्षे चालतात आणि करिंथचे पत्र वाचताना ते दुसऱ्या कोणाला तरी लिहिलेले आहे, असे आपण समजतो. उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या किती घरांत या चाळीस दिवसांत एखादे जुने वैर मिटले, याचा हिशेब ज्याने त्याने आज जेवणाच्या टेबलापाशी बसताना करावा.

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, श्रवणशक्ती क्षीण झालेली असताना, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा कसून अभ्यास करून बायबलचे नवे मराठी भाषांतर आरंभिले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने केडगावच्या अल्पशिक्षित बायकांना ते पेलत नाही, ही त्यांची तक्रार होती. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या कलकत्त्यास ज्यांनी संस्कृतच्या बळावर मिळविल्या, त्यांनीच संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला ठेवावेत, हा त्याग सामान्य नव्हे. मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच खिळे जुळवीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक गेल्यावरही हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. ज्या इंग्लंडच्या चर्चशी त्या तरुणपणी इतक्या भांडल्या, त्याच चर्चच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे आणि तेथे त्यांची ओळख शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून दिली आहे.