निलगिरीच्या बुंध्याशी पडलेला भुसा

निलगिरीच्या कोवळ्या लागवडीत खोड आणि मूळ पोखरणारी मोठी कीड म्हणजे लांब मिशांचा भुंगेरा, शास्त्रीय नाव सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, पण हा भुंगेरा इथलाच. बाभूळ त्याचे जुने खाद्य. द्राक्षाच्या वेलीतही तो शिरतो. लिंबागणेश गावाभोवतीच्या बालाघाटी माळावर बाभळीला तोटा नाही. अशा रानालगत लावलेल्या निलगिरीला कीड बाहेरून यावी लागत नाही.

मृगाच्या पावसाबरोबर भुंगेरे बाहेर पडतात. रंग मळकट पिवळसर-करडा, लांबी तीन-चार सेंटिमीटर. ते कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतात आणि शेंडे वाळतात. खरी हानी मात्र जमिनीलगत होते. मादी बुंध्याच्या सालीला खाच पाडून तिच्यात अंडे घालते. अळी तिथून खाली सोटमुळात उतरते आणि नऊ-दहा महिने आतून खात राहते. बुंध्याशी साचणारा लाकडी भुसा हीच तिची उघड खूण. झाड तोवर हिरवेच असते. पुढे ते वाऱ्याने मोडते किंवा उन्हाळ्यात उभे वाळते, आणि खापर दुष्काळावर फुटते.

हे खापर चुकीच्या डोक्यावर आहे. 1984 साली कॅलिफोर्नियात सापडलेला निलगिरीचा ऑस्ट्रेलियन भुंगेरा तहानलेल्या झाडांवर तुटून पडतो. पाणी मिळालेल्या झाडाच्या ओल्या सालीत त्याच्या अळ्या तगत नाहीत. आपल्या भुंगेऱ्याचे तसे नाही. तो निरोगी रोपही पोखरतो. म्हणून पाऊस चांगला झाला तरी पहारा सुटता कामा नये.

नेमका पहाराच होत नाही. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून निलगिरी लावायची, खड्डे आणि रोपे मोजायची, की लागवड संपली! श्रावण-भाद्रपदात बुंधे कोणी पाहत नाही. काम अवघड नाही: पावसाळ्यात भुंगेरे वेचून मारणे, भुसा दिसताच तो झाडून छिद्र मोकळे करणे, आकड्याच्या तारेने अळी ओढून काढणे आणि छिद्र चिखलाने लिंपणे. मूळ पोकळ झालेले झाड पुढच्या पावसाआधी मुळासकट उपटून जाळावे. नुसते तोडले तर अळी जमिनीत राहते. सरसकट फवारणी सोटमुळातल्या अळीपर्यंत पोचत नाही, तो खर्च वाया जातो.

लागवडीच्या अंदाजपत्रकात पहिल्या तीन पावसाळ्यांच्या या मजुरीची तरतूद असलीच पाहिजे, आणि रोपांचे देयक दिवाळीनंतर बुंधे तपासूनच निघाले पाहिजे.