आपल्या गांवाची वही

गेल्या वर्षीं इंग्रजीच्या तासाला आम्ही एक धडा शिकवीत होतों. इंग्लंडांतील एका लेखकानें आपल्या बालपणच्या खेड्याचें वर्णन त्यांत केलें होतें : ओढ्यावरचा दगडी पूल, पाणचक्की, चर्चचें आवार, लोहाराचा भाता. धडा संपला तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, भिवंडींत लूम यायच्या आधीं काय होतें?" वर्ग हंसला, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीही हंसलों. प्रश्न वेडगळ होता म्हणून नव्हे. उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें, आणि तें झांकावयास हंसणें सोपें होतें.

त्या संध्याकाळीं घरीं जातांना आम्हीं मनाशीं हिशेब केला. हॅम्पशायर परगण्यांतील सेल्बोर्न या खेड्यांत कोणते पक्षी केव्हां येतात, हें आम्हीं महाविद्यालयांत असतांना आवडीनें वाचलें होतें. परंतु ज्या गांवीं आम्ही लहानाचे मोठे झालों, त्या गांवाच्या बंदरांत कोणता माल उतरत असे, हें आम्हांस सांगतां येत नव्हतें. हा दोष आमच्या एकट्याचा असता तर तो येथें मांडण्याचें कारण नव्हतें. आमच्या समजुतीप्रमाणें तो सबंध गांवाचा आहे, म्हणूनच हा लेख.

इंग्रजांच्या खेड्यांना इतिहास आहे आणि आमच्या गांवांना नाहीं, असें पुष्कळ मुलांस वाटतें. तें खरें नव्हे. इतिहास सर्वांनाच असतो. वही सर्वांपाशीं नसते. इ. स. 1538 सालीं आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाळकानें बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची नोंद वहींत ठेवावी. त्या वह्यांत राजेरजवाडे थोडे. नांगरे, चांभार, मोलकरणी यांचींच नांवें फार. 1789 सालीं गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानें सेल्बोर्नमधील पक्षी, झाडें व हवापाणी यांविषयीं लिहिलेलीं पत्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. 1939 सालीं फ्लोरा टॉम्सन या बाईंनीं, ज्या पाथरवटाच्या मुलगी होत्या व ज्यांनीं पोस्टांत नोकरी केली होती, आपल्या बालपणच्या गरीब वस्तीचें चित्र 'लार्क राइज' या पुस्तकांत रेखाटलें. त्या खेड्यांत कांहीं मोठी लढाई झाली नव्हती. लिहिणारें माणूस मात्र होतें.

आपल्या मराठींतही असें घडलें आहे. पेणजवळील वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमींत सांपडले. त्यांनीं लिहून ठेवलेली हकीकत 1907 सालीं 'माझा प्रवास' या नांवानें छापली गेली, आणि आज इतिहासाचे अभ्यासक ती साधन म्हणून वाचतात. लक्ष्मीबाई टिळकांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. तरी 1934 सालीं पहिला भाग निघालेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' मराठी घरांत अद्याप वाचलीं जातात. तेव्हां आम्हांस लिहितां येत नाहीं, ही सबब चालण्यासारखी नाहीं.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. लोनाडास डोंगरांत कोरलेलें लेणें आहे, जुनें शिवमंदिर आहे. आणि जवळच्या चौधरपाड्याच्या शिलालेखांत शिलाहार राजा केशिदेव यानें एका कवीस दिलेल्या दानाची शके 1161 मधील नोंद आहे. ऑक्टोबर 1657 मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी हस्तगत केली, आणि मराठ्यांच्या आरमाराचीं आरंभींचीं गलबतें याच खाडीच्या कांठीं बांधलीं गेलीं. अंजूरच्या गंगाजी नाईकांनीं वसईच्या मोहिमेसाठीं पेशव्यांकडे खटपट केली. 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, आणि नवसाप्रमाणें वज्रेश्वरीचें देऊळ उभें राहिलें. 1854 सालीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोहोंचली आणि भिवंडी बाजूस राहिली. बंदराचा व्यापार हळूहळू ओसरला. 1857 नंतरच्या काळांत उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर आपली हातमागाची विद्या घेऊन येथें आले. 1930 च्या सुमारास खानसाहेब समदशेट यांनीं विजेवर चालणारे माग आणविले. तेलंगणांतून पद्मशाली आले व पद्मानगर गजबजलें. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची जागा म्हणून काल्हेर, पूर्णा, मानकोली या बाजूंस भाताच्या खाचरांवर गोदामें उठलीं. 2017 सालीं ती जकात गेली, गोदामें राहिलीं.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाला एक सोडून दहा उत्तरें होतीं. परंतु हें सर्व छापील साधनांत सांपडणारें. जें छापलेलें नाहीं तें आमच्याच हातून कसें गेलें, तें आतां सांगतों.

आमचे वडील 1972 च्या दुष्काळांत नगर जिल्ह्यांतून येथें आले आणि एका लूमच्या कारखान्यांत मेहताजी म्हणून राहिले. कोणत्या कारागिरानें किती ताके उतरविले, कोणी किती उचल घेतली, कोण केव्हां मुलुखाला गेला, हें ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहींत लिहीत. प्रत्येक नांवापुढें त्याचें गांव असे. कोणी मऊचा, कोणी आझमगडचा, कोणी करीमनगरचा. बिस्सींत कोणाचें किती देणें राहिलें, हेंही समासांत टिपलेलें असे. पुढें तो कारखाना बंद पडला, लूम भंगाराच्या भावानें गेले, आणि मालकांनीं जुन्या वह्या "घेऊन जा, मेहताजी" म्हणून वडिलांस दिल्या. वडिलांनीं त्या पलंगाखालीं पेटींत जपून ठेविल्या.

वडील वारल्यानंतर आम्हांस घर बदलावयाचें होतें. नव्या घरांत जागा थोडी. आम्हीं त्या वह्या बांधून रद्दीवाल्यास दिल्या. सुतळी आंवळतांना एक पान उघडें पडलें. तें मे 1984 चें होतें. एरवीं ज्या रकान्यांत ताक्यांचे आंकडे दाटीनें भरलेले असावयाचे, तेथें तारखेमागून तारखेस वडिलांच्या वळणदार अक्षरांत एकच शब्द होता : बंद. आम्हीं तें पान पाहिलें आणि गांठ मारली. रद्दी 21 किलो भरली. त्या पैशांचें काय केलें, तें आज आठवतही नाहीं.

1984 सालीं आम्ही चार वर्षांचे होतों. आठवतें तें इतकेंच कीं, मागांची खटखट थांबली होती आणि त्या शांततेंत आम्हांस झोंप येत नव्हती. हें आमचें स्मरण. वडिलांचा तो शब्द हा पुरावा. दोन्हीं जवळजवळ ठेवलीं असतीं तर त्यांतून इतिहासाचें एक पान झालें असतें. आतां पुरावा गेला आहे, आणि राहिलें आहे तें चार वर्षांच्या मुलाचें स्मरण.

येथें कांहीं पालक म्हणतील, असलीं दुःखें उकरून काय मिळवावयाचें? 7 मे 1970 चा दंगा, 1984 चा दंगा, यांचें नांवही मुलांपुढें काढूं नये. या म्हणण्यामागील माया आम्ही समजूं शकतों. परंतु आपण नांव काढलें नाहीं म्हणून बाहेरचें जग विसरत नाहीं. बाहेरगांवीं भिवंडीचें नांव घेतलें कीं लोकांना दंगा आठवतो, फार तर कापड आणि गोदाम. जो आपलें आपण लिहीत नाहीं, त्याचें दुसरे लिहितात, आणि तें दोन शब्दांत आटोपतात.

शिवाय त्यांना जें ठाऊक नाहीं, तें आपणच सांगावयाचें आहे. डिसेंबर 1992 मध्यें व त्यानंतर मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं येथें मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांचे साधे लोक त्यांत एकत्र बसत. त्या रात्रीं आमच्या नाक्यावर वडीलधारीं माणसें खुर्च्या टाकून जागत बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. चहा आमच्याही घरून जात असे, आणि रिकामी किटली परत आणण्याचें काम आमच्याकडे होतें. दंग्यांच्या तारखा चौकशी आयोगांच्या कागदांत व वर्तमानपत्रांत राहतील. त्या खुर्च्यांवर कोण कोण बसलें होतें, हें घरोघरच्या आठवणींतच आहे, आणि तीं माणसें आतां थकलीं आहेत. विद्यार्थ्यांनो, त्यांपैकीं एखादे तुमचेच आजोबा किंवा दादा असतील. तुम्हीं त्यांना विचारलें आहे काय?

दुसरा आक्षेप असा येतो कीं, आम्ही मूळचे येथले नव्हों. आमचें गांव दूर उत्तरेकडे किंवा तेलंगणांत. भिवंडीच्या इतिहासाशीं आमचा संबंध काय? आमचा उलट प्रश्न असा कीं, वरच्या हकीकतींतून बाहेरून आलेल्या माणसांस वगळलें तर भिवंडीचा इतिहास शिल्लक किती राहील? आगरी-कोळ्यांच्या पाड्यांतील मुलाइतकाच परवां मऊहून आलेल्या कारागिराचा मुलगाही या वहीचा धनी आहे. आपला बाप येथें प्रथम कोणत्या नाक्यावर उतरला आणि त्याला पहिली भाकर कोणी दिली, हीही नोंद इतिहासच होय.

तिसरा आक्षेप गुणांचा. परीक्षेंत याला गुण नाहींत, हें खरें. परंतु ऐकलेलें पारखून नेमक्या शब्दांत मांडण्याची जी संवय यानें लागेल, तिला प्रत्येक परीक्षेंत गुण आहेत.

पारखून, हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला. आठवण ही प्रेमळ असते, पण पुष्कळदां चुकते. म्हणून लिहितांना एवढा नियम पाळावा. सांगणाऱ्याचें नांव, वय व सांगितल्याची तारीख आधीं लिहावी. मग तीन रकाने आंखावे : डोळ्यांनीं पाहिलेलें, दुसऱ्याकडून ऐकलेलें आणि अंदाजानें सांगितलेलें. एकच गोष्ट दोघांस स्वतंत्रपणें विचारावी. दोघांचें जुळलें नाहीं तर दोन्हीं लिहावें, आपण पंच होऊं नये. 1882 सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरशीं किंवा घरांतील जुना दस्त, पावती, लग्नपत्रिका यांच्याशीं जेथें ताडतां येईल तेथें ताडावें. जिवंत माणसाची मानहानि होईल असें कांहीं लिहूं नये. परंतु आपल्या लोकांची चूक झांकूंही नये.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. घर झाडतांना जुनी वही, भाडेपावती, लूमच्या खात्याचें कार्ड, बंदरावरील हिशेबाचा कागद हातीं आला तर रद्दींत टाकण्यापूर्वीं एक दिवस थांबावें. तें शाळेंत पाठवावें; आम्ही उतरून घेऊन परत करूं. शाळेच्या ग्रंथालयांतील एक कपाट या कामासाठीं आम्ही मागून घेतलें आहे. सध्यां त्यांत एकच कोरी वही आहे.

कोरी म्हणणें अगदींच बरोबर नव्हे. पहिल्या पानावर आम्हीं आमचेंच लिहिलें आहे : मे 1984, कारखाना बंद, पाहणारा चार वर्षांचा मुलगा, वडिलांची वही होती, ती आम्हीं विकली. दुसरें पान त्या मागच्या बांकावरील मुलासाठीं राखून ठेविलें आहे. लूम येण्यापूर्वीं त्यांच्या गल्लींत काय होतें, तें त्याची दादी सांगणार आहे. तिचें वय ऐशीच्या पुढें आहे, म्हणून शाळा उघडेपर्यंत थांबूं नकोस, याच सुटींत विचार, असें आम्हीं त्याला बजावलें आहे. हेंच आमचें बाकीच्या सर्वांसही सांगणें आहे.