प्रार्थना करा, गोळीही घ्या

देवावर भरवसा असेल तर औषध सोडा, असं सांगणारे प्रचारक आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आजही फिरतात. रोगमुक्तीच्या सभा होतात, मांडव भरतो, लोक रडतात, साक्षी देतात. मग काही दिवसांनी कुणी मधुमेही बाई इन्सुलिन बंद केल्यामुळे बेशुद्धावस्थेत वॉर्डात येते, तर कुणाचा अर्धवट सोडलेला टीबी पुन्हा उसळतो. मी मिरजेत परिचारिका म्हणून आयुष्य काढलं आणि रविवारची उपासना चुकवत नाही. दोन्ही बाजू पाहिलेली बाई म्हणून सांगते, औषध सोडायला लावणारी ही शिकवण ख्रिस्ती विश्वासाची नाही.

मिरजेला तर हे नव्याने सांगायला लागू नये. 1894 साली इथे इस्पितळ उभं करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस मिशनरीही होते आणि सर्जनही. त्यांच्या या गावात मी वाढले. ऑपरेशनआधी प्रार्थना करायची, ही मिशन इस्पितळांतली जुनी रीत. पण प्रार्थना झाली म्हणून कुणी हात धुवायचे टाळले नाहीत की अवजारं उकळायची सोडली नाहीत.

बायबलही वेगळं काही सांगत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. भिंतीकडे तोंड करून त्याने प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेल्याचा निरोप घेऊन यशया संदेष्टा परत आला. त्यानंतर यशयाने काय करायला सांगितलं? गळवावर अंजिरांचा लेप लावायला. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी लेप लावावाच लागला. उलट, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हा सल्ला येशूला सैतानाने दिला होता. येशूने तो साफ नाकारला, देवाची परीक्षा पाहायची नाही म्हणून. इन्सुलिन फेकून चमत्काराची वाट पाहणं ही तीच उडी आहे.

महाराष्ट्रात देवावर विसंबून राहिलेलं माणूस दाखवायचं तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. तरुणपणीच त्यांनी दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. उद्याचं धान्य कुठून येणार, याचं उत्तर अनेकदा त्यांच्याकडे प्रार्थनेपलीकडे नसे. तरी केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. पाण्यासाठी गुडघे टेकणारी ही बाई विहीरही खणून घेत होती.

यावर माझा भाचा विचारतो, ‘मावशी, काम माणसांनीच करायचं तर प्रार्थना कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला महापुरात मिळालं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये नदीकाठची कुटुंबं येऊन राहिली होती, सगळ्या जातिधर्मांची. रात्री आम्ही बायका प्रार्थनेला बसायचो. त्याने पाणी उतरलं, असा माझा दावा नाही. ते उतरायचं तेव्हाच उतरलं. पण स्वतःच्या घरात चिखल साचलेली बाई पहाटे उठून अनोळखी लोकांसाठी चपात्या लाटत होती. हे बळ तिला कुठून आलं, ते मला माहीत आहे, कारण आदल्या रात्री ती माझ्या शेजारीच बसली होती. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. पण जीव घाबरा झालेला तो माणूस प्रार्थनेनंतर उठला आणि धरायला आलेल्यांना सामोरा गेला. प्रार्थनेकडून मी एवढंच मागते, आणि ते थोडं नाही.

सगळ्यात जास्त चीड मला येते ती एका वाक्याची. रोगी दगावला की नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ मूल गेलेल्या आईला हे ऐकवताना मी पाहिलं आहे. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होते. मग दोष काढायला लागले आणि शेवटी देवानेच त्यांना खडसावलं. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, कुठलाही दिलासा न देता. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली आईच्या आधी गेली. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

म्हणून आमच्या पाळकांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी व्यासपीठावरून दोन वाक्यं स्पष्ट बोला. प्रार्थनेसाठी कुणीही डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. आणि ज्यांच्या घरात प्रार्थना करूनही माणूस गेलं, त्यांच्या विश्वासाचं मोजमाप कुणीही करू नये. बाहेरचा प्रचारक बोलावण्याआधी त्यालाही हे बजावा. मान्य नसेल तर मांडव घालू नका. मंडळीतल्या माणसांना मी एवढंच सांगेन, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाल तेव्हा निघण्याआधी विचारा, आजची गोळी घेतली का?