ए-१० ला घाईने निरोप नको

जमिनीवरच्या सैनिकांना जवळून हवाई साथ देणारी उरलेली सर्व ए-१० विमाने सेवेतून काढण्याचा अमेरिकी हवाई दलाचा आग्रह पायदळाच्या जिवाशी खेळणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधुनिक क्षेपणास्त्रांपुढे हे संथ विमान टिकणार नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. पण विमानांबरोबर मोडीत निघणार आहे ते वैमानिकांचे कौशल्य: शत्रू अगदी भिडलेला असताना आपले कोण आणि परके कोण, हे कमी उंचीवरून उडत ओळखण्याचे. जून २०१४ मध्ये अफगाणिस्तानच्या झाबुल प्रांतात उंचावरून घिरट्या घालणाऱ्या बी-१ बाँबरने आपल्याच सैनिकांवर बाँब टाकले. पाच अमेरिकी आणि एक अफगाण जवान ठार झाले. सैनिकांजवळचे ओळखीसाठीचे अवरक्त दिवे त्या विमानाच्या यंत्रणेला दिसूच शकत नव्हते, आणि वैमानिकांना ते ठाऊक नव्हते! असे अज्ञान जमिनीवरच्या जवानाला परवडत नाही.

पायदळाला जवळून साथ देण्याची ही जबाबदारी एफ-३५ लढाऊ विमान पेलेल, असे हवाई दल सांगते. मग २०१८-१९ मधील दोन्ही विमानांच्या तुलनात्मक चाचण्यांचा अहवाल मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्यांविना जनतेपुढे ठेवावा. तोवर ए-१० ची एकही तुकडी मोडू नये.