पिंपरीच्या मातीतलं औषध अन् आपल्या धानाचा करपा

नागभीड : धानाची पानं कडेनं पिवळी पडून वाळायला लागली की आपण कृषी केंद्रात जाऊन ६ ग्रॅमची पुडी मागतो. स्ट्रेप्टोसायक्लीन. हे कीटकनाशक नाही, बुरशीनाशकही नाही. हे अँटिबायोटिक आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन अन् टेट्रासायक्लीन असते. यातलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध. १९४३ मध्ये अमेरिकेत ते मातीतल्या जिवाणूपासून मिळालं.

मातीतून औषध काढण्याचं काम आपल्याकडेही झालं. पिंपरीला १९५४ मध्ये सरकारचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला. तिथं पेनिसिलीन बनू लागलं, तेही एका बुरशीचंच देणं. पुढं तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जीवाचं शास्त्रीय नावसुद्धा पिंपरीवरून ठेवलं. रोवणीत चिखलात उभं राहून बायांची बोटं सडतात, त्यांना बुरशीवरच्या औषधाची किंमत सांगायला नको.

आता मातीतून निघालेलं औषध आपण पंपानं परत बांधीत टाकतो. वारंवार फवारलं की तिथल्या जिवाणूंना ते मानवेनासं होतं, उलट ते त्याला जुमानत नाहीत. हा गुण ते दुसऱ्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणूनच केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा काढला, त्यात शेतीत या मिश्रणाचा वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद करायचं म्हटलं होतं. माझ्या मते ते बरोबरच आहे. उद्या दवाखान्यात तेच औषध लागू पडलं नाही तर धान वाचवून काय फायदा?

मग ट्रायकोडर्मा चालेल का, असं लोक विचारतात. ही मातीतलीच हिरवी बुरशी. रोगाच्या बुरशीला ती वेढते, तिला मारणारे पदार्थ सोडते. तूर, हरभऱ्याच्या मर रोगावर चांगली. बियाण्याला किलोमागं ४ ग्रॅम चोळायची. कार्बेन्डाझिमसोबत मिसळाल तर मात पडते बिचारी, मरून जाते. पण कडाकरपा जिवाणूचा रोग आहे, तिथं तिचा भरवसा धरू नका.

करपा दिसला तर आधी युरिया थांबवा. जास्त युरियानं तो वाढतो. बांधीतलं पाणी काढा, पण रोगट बांधीचं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत सोडू नका. अन् पुडी घेण्याआधी सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवा. पान पिवळं पडायची कारणं दुसरीही असतात.